बिनगॅपची कॅसेट

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. शहाऐंशी साली सुरू केलं, दोन हजार एक साली बंद केलं. गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी आणायचं, कोरी कॅसेट माझ्याकडूनच घ्यायचं आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायचं. कव्हरवर बारीक अक्षरात गाण्यांची नावं लिहिणं, एवढंच माझं आजवरचं लिखाण. तरी जोतीरामबद्दल लिहून ठेवावं असं वाटतं, कारण त्याच्याबाबतीत मला जे ठाऊक आहे ते आता दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. माझ्या बायकोला, सरोजिनीला, सांगितलं होतं. ती गेली त्याला सहा वर्षं झाली.

जोतीराम निमगाव केतकीचा. त्याच्या वडिलांची मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, असं त्यांचं वर्ष. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही तुकड्यातुकड्यांनी. सोळा वर्षांचा होईपर्यंत तो कळपाबरोबर चालला. पुढे कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढत गेला, चरायला मोकळं रान राहिलं नाही, आणि वडिलांनी मेंढरं विकली. जोतीराम एका बागायतदाराकडे ट्रॅक्टर शिकला आणि कारखान्याला ऊस वाहायच्या कामाला लागला. "आधी मी मेंढरांच्या मागं चालायचो, आता ऊस माझ्या मागं चालतो," असं तो हसून सांगायचा.

तो पहिल्यांदा दुकानात आला एक्याण्णव सालच्या हिवाळ्यात. उंच, किडकिडीत, ओठांवर बारीक मिशी. यादी नव्हतीच, गाण्यांचे मुखडे तोंडानं सांगत होता आणि मी लिहून घेत होतो. मध्येच थांबून त्यानं विचारलं, "काका, हे गाणं कोण कुणाला म्हणतंय?"

"म्हणजे?"

"बाई म्हणती हाय ते कळलं. पर ती बायकू हाय, का बहीण हाय, का नुसतीच वळखीची हाय?"

"ते मला काय माहीत? गाणं आहे ते."

"असं कसं? कुणी कुणाला म्हणलंय ते कळल्याबिगर ऐकायचं म्हंजी दुसऱ्याच्या भिंतीला कान लावल्यासारखं हुतंय."

दुकानात आणखी दोघं ड्रायव्हर उभे होते. त्यातला रामहरी म्हणाला, "काका, ह्याला गाणी देऊ नका, ह्याला पंचनामा द्या."

सगळे हसले. जोतीरामही हसला. पण त्याचा प्रश्न खरा होता. चाल, वाजंत्री, आवाज, यांच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसे. तो शब्द धरायचा. मी दिवसभर गाणी भरायचो, पण ती मला ऐकू येत नसत. आवाजाच्या लेव्हलचा काटा लाल रेघेच्या पुढे जात नाही ना, एवढंच मी बघायचो. जोतीराम आला की मला गाणं ऐकावं लागे.

त्याच वर्षी जत्रेतून माझ्याकडे गावरान गाण्यांची एक कॅसेट आली होती. कव्हरवर गाणारणीचं नाव नव्हतं. त्यातलं एक गाणं जोतीरामला लागलं. त्यानं त्याचे शब्द माझ्याकडून कागदावर उतरवून घेतले आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला.

गाडीवाल्या गाडीवाल्या, जरा मागं बघ,
धुळीमागं माझं पाऊल, थांब की रं मग.
तुझ्या बैलांच्या घुंगरांत माझी हाक बुडं,
तुझी वाट पुढं पुढं, माझं मन मागं पडं.

आठवड्याभरानं येऊन म्हणाला, "कळलं काका. आमची शकूच हाय ती."

शकू म्हणजे त्याची बायको शकुबाई. लग्नानंतर पहिल्याच हंगामात तो भाकरी विसरून ट्रॅक्टर घेऊन निघाला, आणि ती भाकरीचं फडकं घेऊन फर्लांगभर मागं पळत आली होती. त्याला ऐकू गेलं नाही. ऊसतोडीच्या फडातल्या बायकांनी ओरडून सांगितलं तेव्हा तो थांबला. "त्या दिवशी लई शिव्या दिल्यान् तिनं. गाण्यात शिव्या घालता येत न्हाईत म्हणून 'थांब की रं मग' म्हणलंय," असा त्यानं अर्थ लावला होता. पुढे प्रत्येक कॅसेटमध्ये ते गाणं दोनदा भरायचं, अशी त्याची ताकीद असे.

आता गॅपबद्दल सांगायला हवं. एक गाणं संपलं की दुसरं सुरू होण्याआधी मी आठ-दहा सेकंद कोरी जागा सोडत असे. दुकान टाकण्याआधी मी रेडिओ दुरुस्त करायचो, तेव्हापासूनची ही माझी शिस्त होती. पण ऊस वाहणाऱ्या ड्रायव्हरांना ती आवडत नसे. ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डांवर मोठे स्पीकर बसवून ते दिवसरात्र गाणी लावायचे. रामहरी म्हणायचा, "काका, तुमच्या गाण्यांत खड्डा पडतो. त्या खड्ड्यात माझा डोळा लागतो." म्हणून ड्रायव्हरांना मी बिनगॅपची कॅसेट भरून देऊ लागलो. एक गाणं संपायच्या आत दुसरं चढवायचं. त्याला हात सराईत लागतो, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. जोतीरामनं मात्र बिनगॅपची कधी मागितली नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत त्यानं नवी कॅसेट सांगितली. हंगाम जोरात होता, त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते. माझ्या मनात आलं, सगळेच मागतात, यालाही बरं पडेल. त्याला न विचारता मी ती बिनगॅपची भरली. चांगली साधली होती. त्यानं घेतली, कव्हरवर त्याचं गाणं दोनदा लिहिलंय का ते बघितलं आणि तो गेला. मीही काही बोललो नाही. वाजवल्यावर त्याच्या लक्षात येईल आणि खूश होईल, असं मला वाटलं होतं.

चौथ्या दिवशी रामहरीनं दुकानात येऊन सांगितलं की जोतीरामच्या ट्रॅक्टरवरून त्याचा मेहुणा पडला आणि गेला.

मेहुण्याचं नाव सिद्धू. शकुबाईचा सख्खा भाऊ, सुप्याचा. जोतीरामपेक्षा वर्षानं मोठा. दोघांची ओळख लग्नाच्या आधीची, मेंढरांमागच्या दिवसांतली. दोन्ही घरचे कळप घाट उतरताना एकत्र असायचे. सुप्याकडे जिरायत शेती, हिवाळ्यात काम नसे, म्हणून सिद्धू हंगामापुरता बहिणीकडे यायचा आणि जोतीरामच्या मागच्या ट्रॉलीवर बसायचा. उसाच्या मोळ्या सुटत नाहीत ना, मागून मोठी गाडी येते का, हे बघायचं त्याचं काम. माझ्या दुकानात तो एकदाच आला होता. जोतीराम गाण्याचे शब्द मला समजावून सांगत होता, तेव्हा हा दारातून म्हणाला, "पाव्हणं, आटपा. ऊस वाळून चिपाड हुईल, तरी तुमचं गाणं संपायचं न्हाय."

तो पडला तो दुपारी चारच्या सुमाराला, अंथुर्ण्याच्या अलीकडे. रस्त्यावर बाभळीची एक फांदी आडवी आलेली होती, ती लागून उसाच्या ढिगावरून खाली आला. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागं असल्या की ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. जोतीराम पुढे गेला. कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागल्यावर त्यानं "उतर रं खाली" म्हणून आवाज दिला, वर चढून पाहिलं, तर उसावर नुसता सिद्धूचा टॉवेल होता. तोवर मागून दूधवाला सांगत आला. सिद्धूची एक वहाण बाभळीखाली सापडली. दुसरी वहाण आणि सिद्धू तिथून दोनशे पावलं पुढे, कारखान्याच्या दिशेनं. म्हणजे तो पडला, उठला आणि ट्रॅक्टरच्या मागं पळाला. पोटात आत मार लागला होता. दोनशे पावलं पळून तो पडला तो उठला नाही.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. कुणी जोतीरामला दोष दिला नाही, निदान तोंडावर तरी नाही.

मार्चमध्ये जोतीराम दुकानात आला. ट्रॅक्टर सोडला होता. दाढी वाढली होती. म्हणाला, "काका, साठ मिनिटांच्या कॅसेटीत नुसतं तेवढं एकच गाणं भरा. दोन्ही बाजूंना. पुन्यांदा पुन्यांदा."

मी विचारलं, "जुनी कॅसेट कुठं आहे?"

"शकूनं कालव्यात टाकली."

मग स्टुलावर बसून त्यानं मला जे सांगितलं ते असं. मेंढरं हाकताना एक जण पुढे असतो, एक मागे. मागच्यानं थोड्याथोड्या वेळानं हाळी द्यायची, पुढच्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर मागचा समजतो की पुढे काहीतरी झालं. हाळी आली नाही तर पुढचा थांबतो. सिद्धू आणि तो ट्रॅक्टरवरही तेच करायचे. सिद्धूनं हाळी द्यायची, जोतीरामनं हॉर्न वाजवायचा. स्पीकर लागल्यापासून हाळी ऐकू येईना, तेव्हा त्यांनी ठरवलं होतं की गाणं संपलं की द्यायची. दोन गाण्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत.

"त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं हुतं," जोतीराम म्हणाला. "तो म्हणला, मला चालवू दे. मी फडातल्या माणसांपुढं म्हणलो, तुला मेंढरं हाकता येत्यात, ट्रॅक्टर न्हाय. त्याचं तोंड उतारलं. गप मागं जाऊन बसला. पर भांडण असलं तरी हाळी सोडायची न्हाय, हा रिवाज हाय. त्यानं दिलीच असणार. पळताना तर दिलीच असणार. माणूस पळतो तवा वरडतो का न्हाय, काका?"

मी मान हलवली असेल.

"शकूनं मला एकदाच विचारलं. म्हणली, दादानं हाक मारली का? मी म्हणलो, न्हाय. पर मला ठावं न्हाय. माझ्या डोक्यात राग हुता. ऐकू आली आन रागात सोडून दिली, असं तर न्हाय झालं? ध्यानात येत न्हाय. नुसतं एवढं ध्यानात हाय की नवी कॅसेट त्या दिवशी पयल्यांदाच लावली हुती, आन एका गाण्यामागं दुसरं गाणं चालूच हुतं. कवा संपली, कवा लागली, मला कळलंच न्हाय. माणसाचं ध्यान किती मोडावं?"

त्याचं ध्यान मोडलेलं नव्हतं. त्या कॅसेटमध्ये कोरी जागाच नव्हती. ती मी काढून टाकली होती, आणि ज्या जागेत सिद्धूनं ओरडायचं, ती जागा त्या दिवशी आलीच नव्हती.

हे त्याच क्षणी सांगायचं होतं. माझ्यासमोर स्टुलावर तो बसलेला होता, दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "परवा ये, भरून ठेवतो."

आणि मी काय केलं? त्या दिवसापासून सगळ्यांच्याच कॅसेटमध्ये पुन्हा गॅप सोडायला लागलो. जोतीरामच्या एका गाण्याच्या कॅसेटमध्येसुद्धा. प्रत्येक वेळी गाणं संपलं की दहा सेकंद शांतता.

दर महिन्याला तो नवीन कॅसेट न्यायला येई. जुनी घासून आवाज खरखरीत झालेला असे. मी एकदा विचारलं, इतकं काय ऐकतोस? तो म्हणाला, "गाणं ऐकत न्हाय, काका. गाणं संपल्यावर कान देऊन बसतो. हितं हाळी आली आसंल, असं म्हणून बघतो. आठवतंय का बघतो. कधीकधी आल्यासारखी वाटती." मग जरा वेळानं म्हणाला, "मी म्हणायचो ती शकू हाय. ती शकू नव्हतीच. 'धुळीमागं माझं पाऊल' म्हणलं हुतं त्या गाण्यानं. दोन-तीन वर्सं आधी सांगत हुतं. मीच येड्यागत हसत ऐकलं."

घरी सरोजिनीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग जाऊन सांगा ना त्याला. एवढं काय त्यात?" मी म्हणालो, सांगतो. असं मी दोन वर्षं म्हणत होतो. दुकान चालू होतं. घरी नळाचं पाणी आलं, टीव्ही रंगीत झाला, मुलीचं लग्न ठरलं. जोतीराम महिन्याला येत होता आणि मी त्याला शांतता भरून देत होतो. तो गेल्यावर मी ते गाणं सुरू करून बघायचो. 'माझी हाक बुडं' या ओळीवर माझा हात आपोआप बटणाकडे जायचा.

शहाण्णवच्या मार्चमध्ये तो आला तो कॅसेट न मागता. उभाच राहिला.

"शकूचा बाप आलाय सुप्यावरनं. म्हणतो, भंडारा उचला."

भंडारा म्हणजे देवाची हळद. त्यांच्यात बिरोबाच्या देवळात हळद मुठीत घेऊन बोललेला शब्द खोटा चालत नाही. खोटं बोललं तर घर बुडतं असं मानतात. दत्तोबाचं, म्हणजे शकुबाईच्या वडिलांचं म्हणणं एवढंच होतं की जावयानं भंडारा उचलून सांगावं, मी सिद्धूची हाक ऐकली नाही. सांगितलं की विषय संपला. नाही सांगितलं तर लेक आणि नात घेऊन ते सुप्याला जाणार.

"मग सांग की. तू ऐकली नाहीस," मी म्हणालो.

"मला ठावं न्हाय, काका. ठावं न्हाय ते देवाम्होरं कसं सांगू? आन ठावं न्हाय म्हणलं तर शकू काय समजायचं ते समजंल. दोन वर्सं ती माझ्यासंगं कामापुरतं बोलती. जेवा, दार लावा, पोरीला आणा. रविवारी देवळात बोलावलंय. मग ती जाईल." तो वळला आणि दारातून म्हणाला, "कॅसेट आता नगं."

रविवारी सकाळी इंदापूरच्या एसटीत बसलो. निमगाव केतकीला उतरल्यावर दोनदा परत फिरून स्टँडवर आलो. तिसऱ्यांदा वस्तीचा रस्ता धरला.

देऊळ लहानसं होतं, पत्र्याचं. बाहेर लिंबाखाली जोतीराम, शकुबाई, दत्तोबा आणि पुजारी बसलेले. जोतीरामची आठ वर्षांची मुलगी स्वप्नाली आजोबांच्या मांडीला टेकून होती. मला बघून जोतीराम उठला.

"तुमी कोण म्हणायचं, पाव्हणं?" दत्तोबांनी विचारलं.

"मी रघुनाथ. बारामतीत कॅसेट भरून देतो."

"हितं लगीन न्हाय. गाणी नगंत आमाला."

मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. दोन गाण्यांच्या मधली जागा म्हणजे काय, ड्रायव्हर काय मागायचे, मी त्या जानेवारीत काय केलं. माझी भाषा त्यांना कळते की नाही याची मला खात्री नव्हती. दत्तोबा डोळे बारीक करून ऐकत होते. मध्येच शकुबाईनं पदर सावरला आणि माझ्याकडे थेट बघितलं.

"म्हंजी ह्यास्नी ऐकायला जागाच नव्हती?"

"नव्हती."

"आन ती जागा तुमी काढली."

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

"कुणाच्याच नाही. मला वाटलं, बरं पडेल."

"बरं पडंल," ती म्हणाली. "आन दोन वर्सं तुमी ह्यास्नी म्हैन्याच्या म्हैन्याला गाणं भरून देत हुता. रोज सांजच्याला हा माणूस टेपला कान लावून बसायचा. मी चुलीपुढनं बघायची. मला वाटायचं, ह्यानं तवा ऐकलं हुतं, आन आता पुन्यांदा ऐकतोय. दोन वर्सं मी असल्या माणसाला भाकरी वाढली. तुमास्नी एकदाबी यावंसं वाटलं न्हाय?"

मी म्हणालो, वाटलं होतं.

दत्तोबा पुजाऱ्याकडे बघून म्हणाले, "जावयाला सोडवायला बारामतीवरनं कुणीबी यील. बोलाय काय जातंय? पाव्हणं, उचलता का भंडारा?"

जोतीराम म्हणाला, "तात्या, ते वयानं मोठं हाईत."

"म्हणून तर इचारतोय."

मी चपला काढल्या. पुजाऱ्यानं पितळेच्या ताटलीतून चिमूटभर नव्हे, मूठभर हळद माझ्या हातावर ठेवली. आमच्या घरात असलं काही करत नाहीत. मला काय बोलायचं तेही त्यानंच सांगितलं. देवाकडे तोंड करून मी मूठ वर उचलली.

आणि तेव्हा मला कॅसेटच्या दोन बाजू आठवल्या.

एक बाजू अर्ध्या तासाची. ती संपली की टेप थांबतो. जोतीरामच्या ट्रॅक्टरवरचा टेप साधा होता, कॅसेट हातानं काढून उलटी घालावी लागायची. तेवढा वेळ स्पीकर बंद. दहा सेकंद नव्हे, चांगलं अर्धं मिनिट. बाभळीपासून दोनशे पावलं पळायला माणसाला तेवढंच लागतं. दोन वर्षं मी गाण्यांच्या मधल्या जागेचाच विचार करत होतो. कॅसेट मी रोज शंभर वेळा उलटायचो, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुजारी म्हणाला, "बोला."

मी म्हणालो, "त्या कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये जागा नव्हती. ती मी काढली होती. सिद्धूची हाक जोतीरामला ऐकू जाण्यासारखी नव्हती."

पहिली दोन वाक्यं खरी होती.

दत्तोबांनी जोतीरामच्या कपाळाला भंडारा लावला. जोतीराम खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. शकुबाई जागची हलली नाही, मग तिनं हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवला आणि तो तसाच ठेवून समोर बघत राहिली. मला कुणी चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं. मुठीतली हळद पुसायला मला काही सापडेना. एसटीत बसलो तेव्हाही हात पिवळाच होता.

त्यानंतर वर्षभर जोतीराम आला नाही. रामहरीकडून कळायचं की त्यानं ट्रॅक्टर पुन्हा धरला नाही, थोड्या शेळ्या घेतल्यात, शकुबाई आणि तो मिळून भाजीचा वाफा करतात, बाजारच्या दिवशी दोघं एकत्र बसतात. बरं वाटायचं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तो दुकानात आला. अंगानं भरला होता. स्वप्नालीच्या अक्षरातली यादी त्याच्या हातात होती, तिच्या शाळेतल्या निरोप समारंभाची गाणी. शकुबाई रस्त्यापलीकडे बांगड्यांच्या गाड्याशी उभी होती. ती दुकानात आली नाही.

मी यादी वाचली. "तुझं गाणं नको का?"

"नगं. ती एक पोरगी हाय, काका. गाडीवाल्यावर तिचं मन बसलंय. तेवढंच हाय त्यात. उगं आपलं काय काय घातलं मी त्यात."

तो हसला. मी पावती लिहायला लागलो. तो काउंटरवर हात ठेवून उभा राहिला, आणि मग, आवाज अजिबात न चढवता, म्हणाला, "काका, कॅसेटीची बाजू संपली की टेप थांबायचा, न्हवं? हातानं उलटायला लागायची."

माझा पेन थांबला.

"कुठं उलटली, ते ध्यानात येत न्हाय," तो म्हणाला.

त्याच्या खांद्यावरून मला रस्त्यापलीकडची शकुबाई दिसत होती. ती बांगड्या चढवून बघत होती आणि गाडेवाल्याशी घासाघीस करत होती. मी म्हणालो, "फडातून निघताना लावलीस ना? तिथून ते बाभळीचं झाड भरल्या ट्रॅक्टरला पाऊण तास. अर्ध्या तासाला एक बाजू संपली. म्हणजे झाडाच्या बऱ्याच आधी उलटलीस. झाडाशी दुसरी बाजू चालू होती."

कॅसेट त्यानं कुठे लावली होती हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं. फडातून निघताना, की पाटाच्या पुलाशी, की निमगाव मागं पडल्यावर. मी कधी विचारलंही नव्हतं. मी नुसता आकडा बसवला होता.

जोतीरामनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तो काहीतरी सांगेल, 'फडातून न्हाय काका, पुढं लावली' असं काहीतरी, म्हणून मी वाट बघत होतो. त्याला ते आठवत होतं की नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"पाऊण तास लागतोच," तो शेवटी म्हणाला. पावती खिशात घातली.

पलीकडून शकुबाईनं हाक मारली, "झालं का?"

"झालं, झालं," म्हणत तो रस्ता ओलांडून गेला. तिनं हात पुढे करून बांगड्या दाखवल्या. त्यानं मान डोलावली, आणि दोघं स्टँडकडे चालू लागली.

त्यानंतर तो दोनदा आला, पुन्हा तो विषय निघाला नाही. गाणारणीचं नाव नसलेली ती जत्रेतली कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे. दुकान मोडलं तेव्हा बाकीच्या सगळ्या विकल्या, तेवढी ठेवली. क्वचित लावतो. ते गाणं ऐकतो, त्याच्या पुढची दोन ऐकतो, आणि बाजू संपायच्या आत टेप बंद करतो.